लसणाचं यंत्र आणि धुवायचा प्रश्न

...आणि त्या भोकांमध्ये काय अडकतं, हे दुकानात कोणी सांगत नाही हो! दुकानात ते चकचकीत असतं, काचेच्या कपाटात मखमलीवर निजलेलं असतं, बघितलं की वाटतं, हे आपल्या घरी आलं की आपलं घरसुद्धा चकचकीत होणार. तुम्हाला सांगते, लसूण दाबायचं यंत्र घेताना माणसानं एकच गोष्ट विचारावी. हे धुवायचं कोणी?

आता तुम्ही म्हणाल, घेतलंत कशाला? मला काय हौस होती? मी शिवणकाम करते, कात्री चालवून चालवून माझं उजवं मनगट गेलं, डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, ठेचाठेची बंद. आमच्याकडे लसणाशिवाय पातेलं चुलीवर चढत नाही. तर आमचे हे म्हणाले, काळजी करू नकोस, यंत्र आणू. यांची नोकरी विजेच्या मीटरांवरची, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण यंत्रानं सुटते अशी यांची ठाम समजूत आहे. यांचं स्वतःचं नाक बारमाही बंद असतं, त्याला मात्र अजून यंत्र मिळालेलं नाही.

गेलो दुकानात. कात्रीसारखं दाबायचं एक, पिळायचं एक, वरून डोलवायचं एक... हे प्रत्येकाची मूठ धरून बघतायत, बिजागरी कानाशी नेऊन ऐकतायत. मी म्हटलं, अहो, त्याचे ठोके ऐकताय का? मग यांनी विचारलं, चालवून दाखवता का? दुकानदाराकडे लसूण कुठला असणार? त्यानं काय करावं... स्वतःचा जेवणाचा डबा उघडला, त्यातला उकडलेला बटाटा घेतला, यंत्रात घातला आणि दाबला. पलीकडून बटाट्याच्या बारीक बारीक अळ्याच निघाल्या म्हणा ना! मी तोंड फिरवलं आणि यांचा चेहरा उजळला. दुकानदार म्हणतो कसा, "साहेब, सालसुद्धा काढायची नाही. पाकळी टाका, दाबा, विषय संपला." विषय संपला म्हणे. आणि तोच बटाट्याचा नग पुसून खोक्यात घातला आणि आम्हाला बांधून दिला. घरी येऊन उघडलं तर भोकाभोकांत त्या माणसाचं जेवण! यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, जरा धुऊन घे. घ्या. पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं ना मला, की हे धुवायचं कोणी?

त्यातच सासूबाई आजारी पडल्या. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेली. काही खाईनात. वयस्कर माणूस, अंगात आधीच काही नाही, मनगटं तर माझ्या अंगठ्याएवढी झालेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन घास पोटात जायला हवेत, नाहीतर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावी लागेल. आणि सासूबाईंनी तर जाहीर केलेलं, की मी दवाखान्यात गेले तर परत यायची नाही. असं एकदा कानावर पडलं की घरातलं माणूस झोपतं का हो? मी मऊसर सूप करायला लागले, भाज्या घोटून घोटून. त्याला लसूण हवाच, सासूबाईंची ती एकच आवड उरलेली.

आणि इथे आमचे हे पुढे सरसावले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस पाणी प्यायला सोडून स्वयंपाकघरात आलेला मी पाहिला नाही, आणि आता रोज संध्याकाळी बाह्या सारून हजर! मला म्हणायचे, तू बस, आईच्या लसणाचं मी बघतो. लसूण शेवटी घालायचा, म्हणजे गुण राहतो, असंही त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मी चव बघून गॅस बंद करायची, मग हे खोक्यातून यंत्र काढायचे, पाकळी सालीसकट आत, दोन्ही हातांनी दाबायचे, थेट पातेल्यात. मग यंत्र परत खोक्यात, खोकं ड्रॉवरमध्ये. वस्तू खोक्यात राहिली की टिकते, हा यांच्या खात्याचा नियम. मला वाटायचं, किती नीट ठेवतात, मध्ये धूतही असतील. विचारलं नाही. नवरा आपण होऊन काम करतोय, त्याला कोणी मध्येच विचारतं का, की हे धुवायचं कोणी?

सासूबाई पहिले दोन-चार दिवस थोडं प्यायल्या. मग चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायला लागल्या. म्हणाल्या, यात काहीतरी मेलंय. आम्ही आपलं, आई, तापाचं तोंड आहे, कडू लागणारच. मुलगी कॉलेजातून आली की आजीला गोष्टी सांगून भरवायची, आजी ओठ घट्ट मिटून बसायची. पातेलं तसंच्या तसं परत यायचं आणि मी बेसिनशी उभी राहून डोळे पुसायची. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू.

आणि दुसरीकडे स्वयंपाकघरातून वास. अहो, वास म्हणजे काय सांगू... बंद गटारात कोणी मोजे शिजवत ठेवावेत, तसा. मुलगी म्हणाली, उंदीर मेलाय. झालं! फ्रीज ओढला, गॅसची शेगडी उचलली, मोरीत उकळतं पाणी ओतलं, मुलगी नाकाला रुमाल बांधून काठीनं कपाटामागे ढोसतेय, मी एका हातानं डबे उतरवतेय, आणि हे मध्ये उभे राहून म्हणतात, "कसला वास? मला तर काही येत नाही." यांना कसा येणार? यांच्या नाकाखाली उंदरांचं अख्खं खानदान वारलं तरी यांना पत्रानं कळवावं लागेल.

शेवटी मुलीनं ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला. त्यात ते खोकं. मी म्हटलं, ते राहू दे, बाबांचं यंत्र आहे, ते स्वच्छ असतं. तिनं उघडलं.

काय होतं म्हणून विचारताय? जेवला नसाल ना? आत हिरवट, करडं, लोकरीसारखं काहीतरी उगवलेलं. सालींच्या ओल्या सुरळ्या एकावर एक थापलेल्या. दबलेल्या लसणाचा चोथा काळा पडून चिकट झालेला, आणि बिजागरीपाशी... तुम्हाला सांगते, बिजागरीपाशी काहीतरी हललं. मुलगी ओकाऱ्या काढत बाहेर पळाली. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज संध्याकाळी ताजी पाकळी ह्यातून, ह्या सगळ्यातून, माझ्या सासूबाईंच्या सूपात!

मी यांना विचारलं, "अहो, तुम्ही हे धूत नव्हता?"

तर म्हणतात, "विसळत होतो की कधीमधी. धुवायचं तुझ्याकडे होतं ना?"

माझ्याकडे! दाबायचं यांच्याकडे, कौतुक यांच्याकडे, खोकं यांच्याकडे, आणि धुवायचं कोणी, तर ज्या बाईच्या मनगटाला पट्टा आहे तिनं!

पण भांडायला वेळ कुठे होता? डॉक्टरांचा उद्या समोर उभा होता. ते यंत्र मी चिमट्यानं उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. पातेलं घासलं, नवीन सूप टाकलं. लसूण सोलला, किंचित मीठ घातलं आणि डाव्या हातानं जड वाटीच्या बुडाखाली रगडत बसले. डावा हात तो, अर्ध्या पाकळ्या ओट्याखाली पळाल्या, पण उरलेल्या अगदी मऊ केल्या. हे दारात उभे. नाक असतं तर कापलं गेलं असतं बहुतेक.

सासूबाईंसमोर वाटी धरली. त्यांनी आधी वास घेतला. मग एक चमचा घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मुलगी माझं कोपर धरून उभी, तिची नखं रुतत होती. आणि हो, पुरी वाटी संपवली हो त्यांनी! बोटानं कडसुद्धा पुसून घेतली.

मग उशीला टेकल्या, मुलाकडे प्रेमानं बघितलं आणि मला म्हणाल्या, "आज लागलं तोंडाला. बघ, इतका मऊ लसूण तुझ्या हातानं कधी झाला होता? माझ्या मुलानं यंत्र आणलं म्हणून."

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील. तर यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "वस्तू चांगली आहे आई. नीट बघूनच घेतली."

सासूबाईंच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. मी म्हटलं, हो आई, यंत्रच चांगलं आहे... आणि डाव्या हातानं दुसरी वाटी वाढली.