मतविभागणीच्या वेळची दाढी

...नाही, नाही, आबासाहेब, हनुवटी वर ठेवा, वस्तरा गळ्यावर आहे आणि तुम्ही बोलायला निघालात — बोलायचं ते वर सभागृहात, इथं तळघरात फक्त मी बोलतो, हा दुकानाचा शिरस्ता आहे. मंत्री असो नाहीतर विरोधी पक्षाचा नेता, साबण लागला की सगळे सारखेच गप्प. तर काय सांगत होतो? हां, घाटाचा रस्ता. अरुंद म्हणजे किती अरुंद — समोरून वऱ्हाड आलं, तर आपल्याला मागं मागं सरकत त्यांच्याच मांडवात जेवायला बसावं लागतं. माझ्या चुलत्यानं त्या घाटात ट्रक घातला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. पलीकडे उतरला तेव्हा त्याची मिशी मीच कातरली. हसू नका, हात हलतो माझा.

आज त्याच रस्त्याच्या रुंदीकरणाच्या निधीवर मत आहे ना? मला कसं कळलं म्हणता — अहो, सकाळपासून सगळी डोकी माझ्याच हाताखालून गेली. बरेचसे बाजूनं, बरेचसे विरोधात, एकजण तळ्यात-मळ्यात. तुमचं म्हणाल तर तुम्हाला सगळ्यांनी विरोधातच धरलंय. आणि त्यात नवल काय? गाड्या आज लांबच्या रस्त्यानं तुमच्या गावावरनं जातात, म्हणून तुमची बाजारपेठ चालते. घाट रुंद झाला की सगळ्या परस्पर तिकडनं पळणार, आणि तुमचे दुकानदार माश्या मारत बसणार. मग तुम्ही का हात वर कराल? मी असतो तरी नसता केला... पुन्हा तेच. बोलू नका म्हटलं ना, आता वस्तरा ओठावर आहे. हातानं काय खुणावताय — पाणी? घड्याळ? वेळ आहे हो, भरपूर वेळ आहे.

ती गुरगुर? गरम पाण्याची टाकी ती. म्हातारी झाली, तुमच्या पक्षासारखी — उकळते दिवसभर, पाणी कोमटच. थांबा, डोळ्यांवर गरम टॉवेल ठेवतो. पडून राहा स्वस्थ. असं कुणी पडू देतं का तुम्हाला वर? एक मागून ओढतो, एक पुढून ढकलतो.

माझी लेक त्या घाटापलीकडे दिलीय. जावई दुधाचा टँकर चालवतो, माणूस सोन्यासारखा, फक्त घोरतो. गेल्या वर्षी तिला कळा सुरू झाल्या, रुग्णवाहिका बोलावली, ती वेळेवर आली, कुणाला नाव ठेवायला जागा नाही — आणि मधल्या वळणावर लाकडांचा ट्रक आडवा बंद पडलेला. ना पुढं जाता येईना, ना मागं. जावई खाली उतरून एकटा तो ट्रक ढकलत होता, विचार करा, भरलेला ट्रक. बाळ तिथंच झालं. झालं आणि गेलं. मुलगा होता की मुलगी, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हे कशाला सांगायला लागलो मी तुम्हाला — मी वऱ्हाडाचं सांगत होतो. आता पुन्हा दिवस आहेत तिला. अख्खा रस्ता काही बाळ यायच्या आत व्हायचा नाही, एवढं मला कळतं. पण इंजिनियर इथंच बसून म्हणाला, मंजुरी मिळाली की पहिलं काम त्या वळणाचं, गाडी बाजूला घ्यायला जागा काढायची. तेवढीच जागा हवीय मला. बाकीचा रस्ता करा नाहीतर करू नका.

थांबली बघा गुरगुर.

आता सांगतो. टाकी नव्हती ती. मतविभागणीची घंटा होती, तिच्या पोटात मी टॉवेल कोंबलाय. खात्याचा तो चष्मेवाला सचिव सकाळी आला होता — म्हणाला, आबासाहेब वर आले तर मतं समसमान, नाही आले तर एका मतानं निधी मंजूर होतो, तेवढं खुर्चीतून उठू देऊ नकोस. घंटा थांबली की दारं लागतात, मग अध्यक्षांचा सासरा आला तरी आत घेत नाहीत. रागवा, शिव्या घाला, दुकान बंद करा माझं. हा घ्या, काढला डोळ्यांवरचा टॉवेल.

काय? हळू बोला, फेस जातोय तोंडात. कुणाच्या बाजूनं? ... तुम्ही? अहो, पण तुमचं गाव, ती बाजारपेठ — काल घाटातनं आलात? स्वतः? आणि कुणालाच बोलला नाहीत. चष्मेवाल्यालाही नाही. ऐनवेळी हात वर करणार होतात, म्हणजे गावातनं कुणाचा फोन यायच्या आत. हो, बरोबर आहे. पुढारी ताकास तूर लागू देत नाहीत, मला माहीत नाही का. मगाशी खुणावत होतात ते हेच?

थांबा, सभागृहातलं ऐकवणारा हा भिंतीवरचा भोंगा लावतो, मीच बंद केला होता. चष्मेवाल्याचा अंदाज आहे, एखादं मत इकडंतिकडं — तुमच्यावाचून मंजूर होईल, व्हायलाच पाहिजे. ऐका. ऐका ना. ... समसमान. चष्मेवाल्यानं आपल्या बाजूनं धरलेला तो तळ्यात-मळ्यातवाला आलाच नाही वाटतं. समसमान झाल्यावर काय करतात? अध्यक्ष मत देतात ना, त्यांचं मत... आहे तसंच ठेवायचं, असा पायंडा. असं होय. म्हणजे पडली निधीची मागणी.

कुठं निघालात अर्ध्या दाढीनं? बाहेर फोटोवाले उभे असतील. बसा. डावा गाल राहिलाय. तो फोन वाजतोय तो वाजू द्या, लेकीचा असेल, निकाल लागला की कर म्हणून मीच सांगितलं होतं. मान जरा तिकडे करा. मी बोलत नाही आता.