ठकीची नखं आणि सूनबाईचा सोफा

टर्रर्र... काय आवाज होता हो तो! मी शिंपीकाम शिकत होतो, तेव्हा दुकानातले मास्तर कापडाला कात्रीनं नुसता चावा द्यायचे नि दोन्ही हातांनी ओढायचे, की टर्रर्र... सरळ रेघेत फाटायचं! त्या आवाजावर मी जन्मभर पोट भरलं, आणि आता? तोच आवाज बाहेरच्या खोलीतून आला की हातातलं टाकून धावतो! कारण आता फाडणारे मास्तर नाहीत, आमची ठकी आहे. ठकी म्हणजे मांजर हो. आणि कापड म्हणजे सूनबाईचा नवा सोफा! अहो, नखं घासायला जिन्याचं लाकूड आहे, दारात पायपुसणं आहे... पण नाही, सोफाच! आता हे मांजराला कोण समजावणार?

सूनबाई तशी गुणाची. पण परवा म्हणाली, "बाबा, आणखी एक धागा निघाला, की ठकी माझ्या भावाच्या गोदामात. तिथं उंदीर आहेत, सुखात राहील." सुखात! अहो, झुरळ दिसलं तरी माझ्या मांडीवर चढणारं जनावर ते! आणि बायको गेल्यापासून दुपारी माझ्याशी बोलायला आहे कोण? ठकीच. म्हणजे बोलतो मीच, ती नुसता कान हलवते... तेवढं पुरतं मला.

मुलगा म्हणाला, "बाबा, मांजरांना नखं घासायला खांब मिळतो विकत." विकत कशाला? मोडक्या टेबलाचा पाय घेतला, फळीवर ठोकला. "आता सुतळी गुंडाळा," मुलगा म्हणाला. पण मी पडलो शिंपी, डोकं चाललं ना माझं! म्हटलं, हिला सोफ्याचं कापड आवडतं ना, मग त्याचाच उरलेला तुकडा लावू! मापात बसवला, शिवण आत घेतली, वर गोंडासुद्धा लावला. ठकीनं वास घेतला आणि... टर्रर्र! खांबावर! मी नाचायचाच बाकी राहिलो. पाठ खाजवली, माशाचा तुकडा दिला. रोज फाडलं की मासा, फाडलं की मासा! मग मोठ्या ऐटीत सूनबाईला बोलावलं, "बघ आता!" ठकी उठली, खांबाला वळसा घातला, सोफ्यापाशी गेली, आणि माझ्याकडे बघत बघत... टर्रर्र! आणि वर माशासाठी तोंड उघडून बसली! अहो, चुकलं काय तिचं? खांब काय नि सोफा काय, कापड तर एकच! हे कापड फाडलं की शाबासकी, हे शिकवलं मीच! आता हे मांजराला कोण समजावणार... आणि त्याआधी मला कोण समजावणार?

सूनबाई तशीच तरातरा गेली भावाकडे, ठकीला न्यायला करंडी आणायला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सगळं ऐकून शेजारचे कंपाउंडर आले धावत. धावत म्हणजे, गुडघ्यांना झेपेल तेवढं. "अहो, ते कापड काढा, सुतळी गुंडाळा, आणि स्वतः करून दाखवा! मांजर बघून शिकतं!" मी स्वतः? "लाजता काय? घरात आहे कोण?" मग काय, अडला हरी... कापड काढलं, सुतळी गुंडाळली, बसलो जमिनीवर गुडघे टेकून नि लागलो खांब ओरबाडायला! कंपाउंडर मागून, "जोर लावा! पाठीला बाक द्या!" बाक आयताच आहे हो, जन्मभर मशीनवर बसून! आणि ठकी? लांब बसून बघतेय, जशी काही तिकीट काढून नाटकाला आलीय...

"बाबा!"

दारात सूनबाई. हातात वेताची करंडी. कंपाउंडर मागच्या दारानं पसार! मी तसाच चार पायांवर, नखांत सुतळीचे धागे. काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "सूनबाई, सोफा... मीच फाडला गं."

"तुम्ही? नखांनी?"

"लागते सवय... हळूहळू."

तिनं करंडी खाली ठेवली नि तोंडावर हात धरला. हसते का रडते, कळेना. तेवढ्यात ठकी उठली. सावकाश आली, करंडीचा वास घेतला, अंग ताणलं, आणि त्या वेतावर... खर्रर्र! खर्रर्र! डोळे मिटून! अहो, माझा खांब नको, शिवण नको, सुतळी नको, जिच्यात घालून हिला घराबाहेर काढायचं, तीच करंडी पसंत पडली महाराणीला! आता हे मांजराला कोण समजावणार?

मी म्हटलं, "सूनबाई, आता ही करंडी घराबाहेर गेली, तर मागं सोफाच उरतो बघ."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, ठकीकडे बघितलं, पायानं करंडी सोफ्याच्या कडेला सरकवली, आणि आत निघून गेली.