जोशीकाकांचा हाडवैरी

आमच्या ॲन आर्बरच्या जोशीकाकांना ऐंशीच्या दशकात अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं होतं. खेळाचा नियम एकही ठाऊक नव्हता, पण आपल्या कॉलेज टीमचा खरा वैरी कोण, यावर तासभर बोलायचे. एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी मांडणी करत होते आणि सोवळ्यात पाटावर बसलेले काका मागे वळून पूजेला आलेल्या साठेंशी भांडत होते.

"वैरी म्हणजे पलीकडच्या राज्याची, ओहायोची टीम. माणसंच नीच हो तिथली."

"छे, आपल्याच राज्यातलं शेजारचं लान्सिंग," साठे म्हणाले. "भाऊबंदकी आहे ती."

"लान्सिंगला कोण विचारतं? ओहायोचं तर पाणीसुद्धा पिऊ नये."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. ते आठवडाभर ओहायोत इंजिनिअर असायचे आणि वीकेंडला तीन तास ड्राइव्ह करून आमच्याकडे पूजा सांगायला यायचे.

"मग काका, पूजा लान्सिंगचेच गुरुजी बोलावून करा," ते शांतपणे म्हणाले. "मी निघतो."

लान्सिंगला गुरुजीच नव्हते. आत शिरा तयार होता आणि काकू दारात उभ्या होत्या.

काका पाटावर सरळ झाले, आचमनाला हात पुढे केला आणि म्हणाले, "साठे, तुमचंच बरोबर. लान्सिंगची माणसं फार नीच."