इशारा पोचला होता का

मेकॅनिक: पुन्हा वाचा तो प्रश्न.

पाहणीवाली: 'उष्णतेच्या लाटेचा इशारा आपल्या घरी पोचला होता का?' हो की नाही, एवढंच सांगा, काका.

मेकॅनिक: फोनवर पोचला. फोन माझ्या खिशात. मी सहा मजले वर, गच्चीत, कुणाचा तरी एसी उघडून बसलेलो. 'घरात थांबा, पाणी प्या.' वाचलं आणि पाना उचलला.

पाहणीवाली: म्हणजे हो.

मेकॅनिक: बायको इथे होती, या पत्र्याखाली. वीज गेलेली. तिच्याकडे फोन नव्हता. तिला कुणी कळवलं?

पाहणीवाली: एका घराचा एकच नंबर धरतात.

मेकॅनिक: धरतात म्हणे. संध्याकाळी आलो तेव्हा ती गार पडली होती. कशासाठी हवंय हे सगळं?

पाहणीवाली: दोन देशांची तुलना आहे. आपला आणि सीमेपलीकडचा. वाढत्या उन्हाला तोंड द्यायला लोक किती तयार आहेत, त्याचे गुण द्यायचेत.

मेकॅनिक: आपल्याला किती?

पाहणीवाली: आतापर्यंत दहापैकी आठ. इशारे घरोघरी पोचतात म्हणून.

मेकॅनिक: आणि त्यांना?

पाहणीवाली: तीन. त्यांच्याकडे ती यंत्रणाच नाही.

मेकॅनिक: माझी मेहुणी तिकडे दिलीय. त्या आठवड्यात तिकडेही असंच ऊन. तिच्या गल्लीत एक नर्सबाई आहे, महाभांडखोर. दुपारची दारं बडवत फिरते. म्हातारी माणसं, पत्र्याखालची माणसं, दंडाला धरून शाळेत नेते. तिथे फरशीवर ओल्या चादरी टाकलेल्या. मेहुणी शिव्या घालत गेली आणि ऊन उतरल्यावर घरी येऊन स्वयंपाकाला लागली. त्यांना तीन?

पाहणीवाली: दार वाजवण्याचा रकाना नाही यात.

मेकॅनिक: रकाने आखले कुणी? गारव्यात बसून आखले असतील. मीच दुरुस्त केलेल्या एसीच्या.

पाहणीवाली: काका, मी फक्त अर्ज भरते.

मेकॅनिक: मीही त्या दिवशी फक्त गॅस भरत होतो.

पाहणीवाली: शेजारी कुणी डोकावलं नाही?

मेकॅनिक: समोर मास्तर राहतात. देवमाणूस. त्यांनाही इशारा पोचला होता ना, घरात थांबा. ते थांबले.

पाहणीवाली: मग काय लिहू?

मेकॅनिक: नाही लिहा.

पाहणीवाली: लिहीन. पण तुमच्या नंबरवर संदेश गेल्याची नोंद आहे. त्याच्याशी जुळलं नाही की अर्ज बाद होतो. काकू मग कुठेच मोजल्या जाणार नाहीत.

मेकॅनिक: आणि हो लिहिलं तर?

पाहणीवाली: इशारा मिळूनही दगावल्या, त्यांत मोजतील.

मेकॅनिक: म्हणजे तिचाच दोष. तेवीस वर्षं माझा डबा वेळेवर भरणाऱ्या बाईने इशारा ऐकला नाही, असं आठ गुणवाले सांगत फिरणार.

पाहणीवाली: मला नाही माहीत काका, काय करावं. खरंच.

मेकॅनिक: द्या ते पेन इकडे.

(तो अर्जावर वाकून लिहितो.)

पाहणीवाली: 'हो, नवऱ्याला. तिला नाही.' काका, हे रकान्याच्या बाहेर गेलंय.

मेकॅनिक: जाऊ द्या.

पाहणीवाली: वरचे साहेब विचारतील. एखादा चौकशीला इथपर्यंत येईलसुद्धा.

मेकॅनिक: या म्हणावं. दुपारी या.