काडीसाठी बॅट

…आणि वर मलाच विचारते, "आजोबा, तुम्ही कधी बॅट धरलीत का हातात?"

आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. ज्या माणसानं जन्मभर कुऱ्हाडीला, कुदळीला, घणाला दांडे घातले, ज्याच्या कुऱ्हाडीचं पातं झिजून चमच्याएवढं झालं तरी दांडा जागचा हलला नाही, त्याला ही विचारते. ही म्हणजे माझी नात. मी तिला काडी म्हणतो, कारण अंगानं काडी आहे, वाऱ्यावर उभी राहिली तर धरून ठेवावी लागते. शाळेशी माझं फार जमलं नाही, ते मी लपवत नाही. पण तुम्हाला सांगतो, लाकूड मला कळतं.

झालं काय, काडी बेसबॉल खेळायला लागली. साधा खेळ आहे. एक पोरगी चेंडू फेकते, दुसरी बॅट घेऊन उभी राहते, टोला बसला तर पळत सुटायचं, तीनदा हुकला तर गुपचूप बाकावर येऊन बसायचं. खेळ शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, रविवारी संघाची निवड आहे, प्रत्येकीनं आपापली बॅट आणा. सूनबाई निघाली दुकानात. मी म्हटलं, थांब. घरात मी बसलोय आणि लाकडाचा दांडका बाहेरून आणायचा? उद्या म्हणाल, पाणी पण बाहेरून आणू.

मग मी केली बॅट. लाकूड निवडलं चिवट, उभ्या रेषेचं, एक गाठ नाही. तासली, घासली, तेल पाजलं. आणि वजन ठेवलं भरपूर. का? कारण अवजाराचं वजन काम करतं, माणसानं फक्त उचलायचं, हे मी दाढी फुटायच्या आधी शिकलो. घण हलका असला तर दगड हसतो.

काडीनं ती दोन्ही हातांनी उचलली, पोटाशी धरली आणि म्हणाली, "छान आहे, आजोबा." आमची मंडळी दारातून म्हणाली, "अहो, पोरगी वाकली की त्या ओझ्यानं." मी म्हटलं, तू पोळपाट बघ, लाकूड मला कळतं.

आता रोज संध्याकाळी पोरगी घरी यायची, बॅट कोपऱ्यात ठेवायची आणि हाताला तेल चोळत बसायची. कसं झालं गं खेळणं? "चांगलं झालं." टोला बसला का? "बसेल." बसेल म्हणजे काय, कोणी असं उत्तर देतं का? शेवटी मीच गेलो मैदानावर.

तुम्हाला सांगतो, मी पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. त्या पोरी चेंडू कसा फेकतात! मला वाटलं होतं, अंगणात झेलाझेली करतात तसं असेल. छे हो. हात वर गेला एवढंच मला दिसलं, मधलं काही दिसलंच नाही, एकदम पलीकडच्या पोरीच्या हातमोज्यात थप्प. आणि आमची काडी? चेंडू आला, पोचला, झेललाही गेला, आणि मग आमची बॅट सावकाश निघाली… जणू पाहुणे गेल्यावर चहा येतोय. एकदा असं, दोनदा असं, परत असंच. चौथ्या वेळी तर बॅटच पोरीला घेऊन गोल फिरली.

ताई माझ्याकडे आल्या. गळ्यात शिट्टी, उन्हानं रापलेल्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, "आजोबा, बॅट फार सुंदर केलीत. पण हिला हलकी आणा. रविवारी अशीच खेळली तर मला तिला बाकावर बसवावं लागेल, आणि मनगटं तिचीच सर्वांत चांगली आहेत."

काडी लगेच म्हणाली, "नको ताई, मला हीच आवडते."

खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. माझेही होतात, घराण्यातच आहे ते. संघातली जागा गेली तरी चालेल, पण म्हाताऱ्याच्या बॅटला नाव ठेवायचं नाही… अहो, एवढीशी पोर. मी खाली बघून चपलेतला खडा काढला. खडा नव्हता.

म्हटलं, चल दुकानात.

दुकान कसलं, भिंतच्या भिंत बॅटनी भरलेली. लांब, आखूड, लाकडाच्या, धातूच्या, काळ्या, लाल. एका खेळासाठी एवढे दांडे! आणि प्रत्येकीवर वजन वेगळं, लांबी वेगळी. पण नुसतं बघून कसं चालेल, मोठा माणूस बरोबर आलाय. मग एकेक बॅट उचलायची, बोटाच्या पेरानं ठोकायची, कान लावायचा. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, बॅट आहे ती, कलिंगड नाही."

मी म्हटलं, लाकूड मला कळतं. आणि त्यातली सर्वांत जड निवडून काडीच्या हातात दिली. हो, परत. सवय आहे, काय करणार?

दुकानातली मुलगी म्हणाली, "बॅट एका हातात धर, हात बाजूला सरळ कर आणि धरून ठेव. टोक झुकलं तर ती तुझ्यासाठी नाही." काडीनं धरली. टोक लगेच जमिनीकडे. मी म्हटलं, असं आडवं धरून कोण कुठं काम करतं? आण इकडे, दाखवतो. धरली. टोक सरळ. छाती पुढे. मग खांदा थरथरला, मग कोपर, मग माझी मिशी… आणि बॅट खाली, ती थेट हेल्मेटांच्या उतरंडीवर. सगळं दुकान हेल्मेटं वेचत होतं. काडी हसली नाही. ओठ आत घेऊन उभी राहिली, ते हसण्यापेक्षा वाईट.

मग तिनं स्वतः एक उचलली. धातूची. मी ठोकली, टण्ण. म्हटलं, काडे, ही पोकळ आहे. पातेलं आहे हे. यानं काय मारणार?

तर ती मला काय म्हणाली ऐका. अगदी हळू, समजुतीनं, जसं मी तिला लहानपणी सांगायचो तसं. "आजोबा, तुमचं झाड उभं असतं. तुम्ही कुऱ्हाड उगारेपर्यंत ते थांबतं. चेंडू थांबत नाही."

एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. झाड थांबतं. दगड थांबतो. खिळासुद्धा थांबतो बिचारा.

तिनं हात बाजूला केला, बॅट सरळ धरली, टोक तसूभर हललं नाही. मग दुकानाच्या मोकळ्या कोपऱ्यात एकदा फिरवली. कापड फाडल्यासारखा आवाज आला, आणि फाटलं होतं काय, तर नुसता वारा. घेतली ती. गपचूप घेतली.

रविवार. सगळं घर मैदानाच्या कडेला. पहिला चेंडू आला, हुकला. मी मंडळीकडे बघितलं. दुसरा हुकला. मी पातेलं म्हटलं होतं, ते मनात परत म्हटलं. आणि तिसरा… तुम्हाला सांगतो, बॅट चेंडूच्या आधी तिथं हजर होती, वाट बघत. टण्ण! तोच आवाज. आणि तो चेंडू गेला वर, कुंपणावरून, पलीकडच्या झाडावरून, तो मला दिसेनासा झाला आणि काडी मात्र दिसत होती, पळत, धुळीत, वेणी मागे सरळ आडवी. ती काडी माझ्या घरातली आहे, हे मला दोनदा स्वतःला सांगावं लागलं. मंडळी म्हणाली, "तोंड मिटा आता."

काडीची निवड झाली. आणि ताई परत माझ्याकडे आल्या. "आजोबा, तुम्ही केलेली ती बॅट संघाला द्याल का? फार उपयोगाची आहे." बघा, शेवटी कळलं त्यांना. मी म्हटलं, लाकूड मला कळतं, ताई, घेऊन जा.

तर उपयोग काय? खेळायला जाण्याआधी पोरी एखादी जड बॅट फिरवतात, म्हणजे मग आपली हलकी वाटते. आणि इतकी जड कुठल्या दुकानात मिळत नाही म्हणे. आता मी रोज कडेला बसून बघतो. एकेक पोरगी येते, माझी बॅट उचलते, "आई गं" म्हणते, दोनदा फिरवते, ठेवते आणि सुटल्यासारखी मैदानात पळते. जन्मभर दांडे केले, हातात घेतले की लोक खूश व्हायचे. हा एकच असा जमला, की खाली ठेवला की खूश होतात.