भुजंगाच्या पाठीची वाळू

माजं माहेर खाडीच्या या अंगाला आणि सासर त्या अंगाला, मधी फक्त पाणी, म्हंजे लगीन होऊन मी लांब गेली असं मला कदी वाटलंच नाय. दोनीकडं तेच, पुरुष व्हडीवर आणि बायका म्हावरं विकायला, नायतर बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवायला. बाप माजा सुकं घेऊन मुंबईच्या बाजारात जायचा आणि मी थोरली म्हणून मला संगती न्यायचा, पाट्या राखायला. एकदा माल लवकर खपला आणि त्याच्या वळखीच्या हमालानं त्याला धरून नेलं फ्रीस्टाईल कुस्ती बघायला, आता मला कुटं ठेवणार, मी बी गेली. काय सांगू तुमाला बाय, तिथं मी फौलाद पैलवानाला पायला आणि मी कामातनं गेली.

हा एवढा मोठा गडी, खांद्यावर माणूस घ्यायचा आणि गरागरा फिरवायचा, फिरवून खाली टाकायचा, ते तर सगळेच करतात. पण टाकल्यावर तो वाकला आणि पडलेल्याला हात देऊन उठवला, ते मला आवडलं. आमच्याकडं पडल्याला कोण उठवतो, पडला तर पयला हसतात. तवापासून मी फौलादची. पुडीच्या कागदावर त्याचं चित्र आलं की मी कागद धुऊन वाळवून ठेवायची, त्याला बोंबलाचा वास यायचा तरी ठेवायची. लगीन ठरलं तवा मी चित्रं संगती नेली. सासू बोलली, पोरी देवाची तसबीर आणतात, हिनं उघडा पैलवान आणला. मालक माजा गरीब माणूस, त्यानं बघितलं, बोलला, राऊ दे, पण देवीच्या खाली लाव, वर नको. मी खालीच लावला.

लगीन झाल्यावर मी मालकाच्या मागं लागली, मला मुंबईला कुस्तीला ने. नेली त्यानं. त्या दिवशी फौलादची कुस्ती भुजंगाबरोबर व्हती. भुजंग म्हंजे तोंडाला काळा मुखवटा, फक्त डोळे दिसायचे, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली, आणि कपटी असा की बघवत नाय. फौलाद जिंकत आला व्हता तर त्यानं चिमटीतला चुना त्याच्या डोळ्यात घातला आणि पाडला, आणि वर छातीवर पाय ठेवून उभा राह्यला. फौलादचा पट्टा त्यानं कमरेला बांधला. मी एवढी वरडली, एवढी रडली, मालक बोलला, अगं माज्या बापाच्या मयताला नाय रडली एवढी.

घरी आली ती तशीच देवीच्या देवळात गेली, पाय बी धुतले नाय, आणि नवस बोलली. फौलाद त्या भुजंगाची पाठ मातीला लावील आणि ते मी माज्या डोळ्यांनी बघीन, तोवर म्हावरं खाणार नाय. ना वलं, ना सुकं. आता तुमाला हे हसायला येईल, पण आमचा नवस म्हंजे मनातल्या मनात बोलून सोडायचा नसतो. भगत समोर बसतो, मोठ्यानं बोलायला लावतो, नारळ फुटतो आणि मंग तो नवस एकट्याचा राहात नाय, घराचा होतो. घरात नवस मोडला तर त्या घरच्या व्हडीवर कोण खलाशी चढत नाय. सासूला कळलं तवा ती कपाळावर हात मारून बसली. बोलली, लोक लेकरासाठी नवस बोलतात, व्हडीसाठी बोलतात, ही कोण कुठल्या पंजाबातल्या माणसाच्या पाठीसाठी बोलून आली.

कोळणीनं म्हावरं सोडायचं म्हंजे काय ते तुमाला नाय कळणार. सगळा दिस हातात म्हावरं, डोक्यावर म्हावरं, आणि जेवायला भात आणि मीठ, लय झालं तर वालाची आमटी. शेजारणी मुद्दाम सरंगा तळायच्या, वास यावा म्हणून. मी पण हट्टी, दारात बसून जेवायची. तवा तारापूरला त्या मोठ्या बिजलीघराचं काम निघालं व्हतं, बोयसरला कुठनं कुठनं माणसं आली, हिंदी बोलणारी, पागोटीवाली, लुंगीवाली. गिऱ्हाईक एवढं वाढलं की म्हावरं आणताना दमायचं पण विकताना नाय. कोण मुंबईसनं आला की मी पयलं इचारायची, फौलाद जिंकला काय. नाय जिंकला. कोण बोलायचा त्याचा पाय दुखावलाय, कोण बोलायचा तो गावाला गेला.

मंग माजी लेक झाली. आणि मला दूध येईना. बाळंतिणीला आमच्याकडं सुक्या बोंबलाचा रस्सा देतात, मोरी म्हावऱ्याचं कालवण देतात, त्यानं पान्हा फुटतो. सासूनं रस्सा करून आणला, पुढ्यात ठेवला, आणि स्वतःच उचलून परत नेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली तिची. नातीकडं बघावं तर लेकाची व्हडी आडवी येते. पोरगी रडायची, रडून रडून गप पडायची, तिच्या हाताच्या काड्या झाल्या. बकरीचं दूध पाजलं, ते तिला पचेना. तवा मला पयल्यांदा भ्या वाटलं. आणि सासू, जिला कुस्तीचं नाव नको व्हतं, ती आता खाडीवर येणाऱ्या जाणाऱ्याला इचारायला लागली, तो आमचा फौलाद कसा हाय, त्याचा पाय बरा झाला काय. आमचा बोलायची.

आणि अशात बातमी आली की बोयसरला मैदानावर फ्रीस्टाईल होणार, फौलाद आणि भुजंग. सासू बोलली, पाटी भर, मी बी येते, पोरीला बी घे.

आमी दोघी सकाळी बोयसरला पोचलो. बाजारात एक आचारी आला, पैलवानांचं जेवण करायचंय बोलला, सगळे सरंगे द्या, गिरणीवर आणून द्या. भाताची गिरण बंद पडलेली व्हती, तिच्या आवारात पैलवान उतरले व्हते. माजे पाय जमिनीला लागेनात, फौलाद माजं म्हावरं खाणार. आवारात शिरलो तर समोर बाजेवर फौलाद बसलेला, पाय लांब केलेला, आणि दुसरा एक माणूस खाली बसून त्याच्या गुडग्याला गरम तेल चोळतोय. हळू चोळत व्हता, आय लेकराला चोळते तसा. मी म्हणली कोण बरं हा चांगला माणूस, आणि त्याच्या डाव्या हाताकडं बघितलं. करंगळी अर्धी. मागं दोरीवर काळा मुखवटा वाळत घातलेला.

माज्या हातातनं पाटी सुटली. दोन पावसाळे मी मीठ-भात खाल्ला, लेक माजी सुकत चालली, आणि हे दोघं एका बाजेला तेल चोळतात. मी जी सुरू झाली, बाजारातली हिंदी, जशी येईल तशी. तुम दोनो लबाड हाय, एक ताट में खाता हाय और लोगों को रडाता हाय. फौलाद घाबरला, त्याला वाटलं म्हावऱ्याच्या भावावरनं भांडण झालं. आचाऱ्याला थोडी मराठी यायची, त्यानं मधी पडून सगळं समजावून सांगितलं, नवस, व्हडी, दूध, सगळं. सासूनं पुढं होऊन पोरगी दाखवली.

पयले ते हसले. मंग हसायचे थांबले. फौलाद बोलला, बाई, आज भुजंग जिंकणार हाय, ते ठरलंय, ठरवणारे वेगळे, आमच्या हातात काय नाय. आणि माजा गुडगा संपला, आज हरलो की मी गावाला जाणार, परत उतरणार नाय. म्हंजे माजा नवस जन्मभर फिटणार नव्हता.

तेवढ्यात भुजंग उठला. तो कमी बोलणारा माणूस. बांधकामाची वाळू आवारात पडली व्हती, त्यानं पायानं ती पसरवली आणि तिच्यावर जाऊन उताणा झोपला. बोलला, लो, पीठ लग गयी, खिला दो इसको. मला वाटलं सुटलो. पण माजी सासू, बाय, ती बोलली, नाय. झोपलेल्याची पाठ सगळ्यांचीच लागते, माजी बी रोज लागते. देवीला पाडलेला पायजे. खेळा. खरं खेळा.

आणि ते खेळले. भर दुपारी, गिरणीच्या आवारात, बघणारे आमी दोघी, आचारी आणि कडेवरची पोरगी. ना टाळी ना शिट्टी, फक्त दोघांचा श्वास ऐकू यायचा. ती काय मुंबईवाली कुस्ती नव्हती, उचलणं नाय, फिरवणं नाय, नुसते एकमेकाला धरून ढकलत व्हते, आणि ढकलता ढकलता दोघांची तोंडं बदलली, मस्करी गेली. किती वर्षांनी खरे खेळत असतील देव जाणे. फौलाद लंगडत व्हता. भुजंगानं त्याला वाकवला, पार वाकवला, आणि त्याचा तोच गुडगा भुजंगाच्या हातात आला. मला वाटलं संपलं. वढला असता तर फौलाद तिथंच पडला असता. भुजंगानं हात काढून घेतला. त्या फटीत फौलाद घुसला, कमरेला मिठी घातली आणि त्याला वाळूत आपटला. आणि लगेच वाकून हात दिला, माज्या बापाबरोबर पायला तसाच.

सासूनं जाऊन भुजंगाची पाठ बघितली, दोनी खांद्यांवर हात फिरवला. वाळू लागली व्हती. मंग तिनं ती आपल्या पदरानं झाडली. आचाऱ्यानं चुलीवर सरंगा टाकला, पयला तुकडा भुजंगानं माज्या हातात दिला. खाओ, बोलला. मी खाल्ला आणि रडली, काटा कुटं ते बी दिसेना. फौलादनं आमच्याकडनं वचन घेतलं, हे कोणाला बोलायचं नाय, लोक तिकीट काढून येतात, त्यांना कळलं की मी भुजंगाला पाडला तर संध्याकाळची मजा गेली, आणि भुजंगाचं पुढचं पोट बी त्याला कोण पाडत नाय याच्यावरच हाय. सासूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं.

संध्याकाळी मैदान भरलं. आमच्या गावची पण माणसं आली व्हती, मालकाचे खलाशी बी. भुजंगानं चुना टाकला, फौलाद पडला, लोक भुजंगाला शिव्या घालायला लागले, चपला भिरकावल्या. मी सगळं जाणून व्हती. पण ती माणसं त्याला नाय नाय ते बोलायला लागली ते मला सहन नाय झालं. मी उभी राह्यली आणि वरडली, भुजंग, भुजंग. आख्ख्या मैदानात मी एकटी. सासूनं माजा पदर वढला, आणि मंग ती बी वरडली.

झालं, ते खलाशांनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी माज्या चुलीवर बोंबलाचा वास. गावात बोभाटा, फौलाद हरला तरी ही खाते, नवस मोडला, वर भुजंगाचं नाव घेऊन नाचली. खलाशी बोलले, आमी या व्हडीवर चढणार नाय. मालकानं मला इचारलं, काय झालं ते सांग, मी बोलली, नवस फिटला, कसा ते इचारू नको. एक शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं, पण वचन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं. मंग मी लेकीला उचलली, बंदरावर गेली आणि व्हडीत जाऊन बसली. बाईनं मासेमारीच्या व्हडीत बसायचं नसतं, मला ठाव व्हतं. बोलली, देवी कोपली असंल तर पयली आमाला नेईल, चला. सासू मागनं आली, लुगडं गुडग्यापर्यंत खवसलं आणि ती बी चढली, बोलली, मी बघितलंय, मी सांगते नवस फिटलाय, ज्याला माजा शब्द खोटा वाटतो त्यानं तोंडावर सांगावं. तिच्या तोंडावर कोण सांगणार. चढले खलाशी, गेली व्हडी. म्हावरं बेताचंच मिळालं, पण गेली तशी परत आली, आणि आमाला तेवढंच पायजे व्हतं. आठ-पंधरा दिसांत मला पान्हा बी फुटला.

बोयसरसनं चालत येताना खाडीशी आल्यावर सासू बोलली व्हती, त्यानं गुडगा सोडला. मी बोलली, व्हय, मी बी बघितलं. मंग ती बोलली, देवीनं बी बघितलं असंल, तिला चाललं तर आपण कोण बोलणार. त्याच्यावर आमी परत कदी बोललो नाय, ती गेली तोवर नाय.

आता सासू नाय, मालक नाय, ते दोघं पैलवान बी कवाच गेले असतील, म्हणून आज तुमाला सांगितलं, आता कोणाचं पोट जात नाय. ती लेक माजी आता स्वतः आजी झाली. तिचा नातू मोबाईलवर कुस्ती लावतो, बोलतो, पणजी हे सगळं ठरवलेलं असतं. मी बोलते, मला नको शिकवू, नीट बघ, पडणारा कसा पडतो ते बघ. फौलादचं चित्र अजून हाय देवीच्या खाली, पार पिवळं पडलं. भुजंगाचं चित्र कोण छापतो. नारळी पुनवेला मी एक नारळ व्हडीचा टाकते आणि एक त्याचा. त्याचं खरं नाव मी इचारलंच नाय बघा, मुखवट्याचंच नाव घेते, बोलते, देवी, तो जिथं असंल तिथं त्याची पाठ सांभाळ. ती बरोबर वळखते, तिनं पायलाय त्याला.