पेरुझालचा चढ

सोलांज: आधी झडप ओढून घे, मग बोल. बारा वाजून एक मिनिट झालंय. तुझ्या त्या चमकदार चड्डीवाल्यांतल्या एकाला जरी फट दिसली, तरी अख्खी पलटण आत घुसेल.

बाझिल: ओढली. पण बाहेर पंधराजण पायरीवर बसलेत, सोलांज. सकाळपासून सायकल मारतायत बिचारे. नुसती कॉफी दिलीस तर काय बिघडेल?

सोलांज: जेवायची वेळ आहे. जेवायच्या वेळी माणूस जेवतो. दोनला उघडेन.

बाझिल: दोनपर्यंत ते पुढच्या गावी पोचलेले असतात.

सोलांज: मग त्यांना घाई आहे, भूक नाही. त्याला मी काय करू?

बाझिल: गिऱ्हाईक दारात आणि कॅफेवाली आत बसून जेवतेय! अशानं धंदा होतो का?

सोलांज: तू चाळीस वर्षं टपाल वाटलंस. बारा ते दोनमध्ये कधी कुणाला पत्र दिलंस?

बाझिल: नाही.

सोलांज: का?

बाझिल: जेवत होतो.

सोलांज: मग? बस गुपचूप. मसूर गार होतायत. आणि हा टॉवेल घे, मान पूस आधी. केवढा भिजलायस! या वयात एवढा जोर लावून चढायची काय गरज असते रे?

बाझिल: दे. ... सोलांज, मला एक सांगायचं होतं.

सोलांज: जेवून सांग.

बाझिल: सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. पुढच्या वर्षी आमच्या सायकल क्लबचा मार्ग बदलतोय. आपल्या पेरुझालवरून नाही जाणार. खालून, नदीकाठानं, बर्जाक गावावरून. मार्ग पुरा केल्याचा कार्डावरचा शिक्का तिथल्या बेकरीत मारायचा.

सोलांज: कोण म्हणतं?

बाझिल: समिती.

सोलांज: समिती म्हणजे कोण रे? तू, तुझा मेव्हणा आणि तो बहिरा खजिनदार. त्या बहिऱ्याला तर कशाला हात वर केला तेही कळत नाही. मार्ग आखतोस तू. सव्वीस वर्षं आखतोयस.

बाझिल: लोकांच्या तक्रारी आहेत. चढ फार आहे म्हणतात. चार किलोमीटर अंगावर येतो. दम लागतो, पायांत गोळे येतात...

सोलांज: नाचता येईना अंगण वाकडं! चढवत नाही तर घरी बसा, गच्चीत फुलांना पाणी घाला. डोंगराला कशाला नावं ठेवता?

बाझिल: हं.

सोलांज: हं काय? तुझ्यासारखं वय झालेला माणूस दर शनिवारी त्यांच्या पुढे चढून येतो, रस्ता तपासतो, आणि या पोरासोरांच्या पायांत गोळे येतात?

बाझिल: तूच तर म्हणतेस, चौघांत मिळून एक कॉफी घेतात, बाटल्या मात्र आठ भरून नेतात. त्या खिळ्यांच्या बुटांनी फरशी ओरबाडतात. सुटशील त्यातून.

सोलांज: मी त्यांना शिव्या देते, तो माझा हक्क आहे. ते येऊच नयेत असं कधी म्हटलं मी? अरे, शिक्का नसेल तर या गावात कुत्रं थांबणार नाही. शिक्क्यासाठी थांबतात म्हणून दोन घोट घेतात, दोन घोट घेतात म्हणून ऑम्लेट मागतात. एप्रिल ते सप्टेंबर या घामट लोकांकडून जे मिळतं, त्यावर मी अख्खा हिवाळा काढते. ते गेले की मला उरले तीन म्हातारे. त्यातल्या एकाची दारू डॉक्टरांनी बंद केलीय.

बाझिल: मला माहीत आहे.

सोलांज: माहीत असून आलास सांगायला? वर माझे मसूर खात? पुढच्या ख्रिसमसला मी हे दार बंद करीन, बाझिल. मग पेरुझालमध्ये दिवा लागलेली एकच जागा उरेल, चर्च. आणि पाद्रीबाबा येतात महिन्यातून एकदा.

(झडपेवर टकटक होते.)

सायकलस्वार: मादाम! जेवणात त्रास देतोय, माफ करा हं. नुसता एक शिक्का हवा होता. कार्डावर नसला तर आमचा दिवस फुकट जाईल.

सोलांज: फटीतून सरकवा. हात नको, नुसतं कार्ड. ... कुठून आलात?

सायकलस्वार: लीलहून.

सोलांज: एवढ्या लांबून? बरं, एक विचारते, खरं सांगा. भीड धरू नका. खालचा तो चढ कसा वाटला?

सायकलस्वार: चढ? अहो मादाम, त्या चढासाठीच तर येतो आम्ही! गाडीवर सायकली लादून, नऊ तास. सपाट रस्ता काय, आमच्या घरासमोरही आहे.

सोलांज: म्हणजे कुणाची तक्रार नाही?

सायकलस्वार: आहे की. सगळ्यांची एकच आहे.

सोलांज: कोणती?

सायकलस्वार: बारा ते दोन.

सोलांज: हे घ्या तुमचं कार्ड. नळ मागच्या बाजूला आहे. जेवलात का? नाही? मग जेवा. वेळ झालीय.

सायकलस्वार: पण कॅफे तर बंद...

सोलांज: दोनला या. ... ऐकलंस, बाझिल? नऊ तास गाडी हाकून लोक त्या चढाला येतात. आता सांग, तक्रार कुणाची आहे?

बाझिल: एक माणूस म्हणाला म्हणून...

सोलांज: यामागे ती बेकरीवालीच ना?

बाझिल: कोण बेकरीवाली?

सोलांज: बर्जाकची. लाल केसांची. केस कसले, डबीतला रंग तो. शिक्का तिच्याकडेच द्यायचा म्हणजे दर शनिवारी बदामाचा केक आयता. हसून देत असेल.

बाझिल: कोलेत? सोलांज, तिला पाच नातवंडं आहेत!

सोलांज: आणि मला दोन दुखरे गुडघे आहेत. त्यानं काय होतं? मी एवढ्या वर्षांत एक शब्द विचारला नाही तुला. नदीकाठी लोण्यासारखा रस्ता असताना हा माणूस लोकांना या डोंगरावर का चढवतो, हे अख्ख्या गावाला पडलेलं कोडं. मी विचारलं का कधी?

बाझिल: नजारा चांगला आहे वरून.

सोलांज: नजारा? चार किलोमीटर रक्त ओकून वर आलं की काय दिसतं? धान्याची कोठी! सिमेंटची!

बाझिल: कोठीच्या शेजारी कॅफे दिसतं.

सोलांज: ... गप्प बस. आणि कॅफे आहे ना अजून इथेच? मी आहे ना? मग आता काय झालं? पोटात काय आहे ते एकदा बाहेर काढ.

बाझिल: तक्रार माझीच आहे.

सोलांज: काय?

बाझिल: मला चढवत नाही, सोलांज. मागच्या वर्षीपासून नाही. पहिल्या वळणावरच धाप लागते. उतरलो, ढकलत आणली, तर दुसऱ्या वळणावर भिंतीला टेकून बसलो. मागून हे लीलवाले आले, मला म्हणतात, काका, मदत पाठवू का? मार्ग आखणाऱ्यानं तो स्वतः चढून तपासायचा, असा नियम आहे आमच्यात. आणि नियम केला कोणी? मीच. मेव्हण्याला दुखवायला केला होता, त्याला चढवत नव्हतं म्हणून.

सोलांज: अरे पण तू तर दर शनिवारी येतोस. आत्ता आलास की!

बाझिल: गाडीनं येतो.

सोलांज: गाडीनं?

बाझिल: दफनभूमीच्या भिंतीमागे लावतो. सायकल डिकीतून काढतो. तिथून तुझ्या दारापर्यंत तीनशे मीटर. सपाट.

सोलांज: आणि तो घाम?

बाझिल: बाटलीतलं पाणी. तोंडावर मारतो. थोडं मानेवर.

सोलांज: अरे देवा! आणि मी बावळट तुझ्यासाठी शेगडीवर टॉवेल ऊन करून ठेवते! सर्दी होईल म्हणून! वर्षभर! नळाचं पाणी पुसायला!

बाझिल: म्हणून तर मार्ग बदलतोय ना. नदीकाठी सपाट आहे. तिथे आणखी तीन-चार वर्षं जमेल मला. खोटं न बोलता.

सोलांज: नदीकाठी मी नाहीये, गाढवा!

बाझिल: ...तेच. घरी बसून विचार करत होतो, तर सगळं नीट बसत होतं. एवढं एकच बसत नव्हतं.

सोलांज: एवढं एकच! माझं दुकान बुडवायला निघालास, मला त्या लाल केसांवरून आठवडाभर झोप येऊ दिली नसतीस, का, तर म्हणे याला लाज वाटते! मी काय तुझे पाय बघून मसूर वाढत होते का रे?

बाझिल: मला वाटलं, सायकलवरून येणारा माणूस...

सोलांज: काही वाटून घेऊ नकोस. ऐक. मार्ग इथूनच जाणार. शिक्का माझ्याकडेच राहणार. तो मूर्ख नियम उद्या खोड आणि तपासायला मेव्हण्याला चढव. त्याचं पोट तरी उतरेल.

बाझिल: नियम खोडला तर तो वर्षभर टोमणे मारेल.

सोलांज: मारू दे. तुझीच करणी आहे, ऐकून घे.

बाझिल: आणि मी?

सोलांज: तू काय? तू शनिवारी ये. बारा वाजता, नेहमीसारखा.

बाझिल: पण कशाला आलो म्हणून सांगू? सायकल नाही, रस्ता तपासायचा नाही. नुसता गाडीतून उतरून तुझ्याकडे जेवायला येतोय, असं दिसेल. लोक बोलतील, सोलांज.

सोलांज: गाडी दारात लाव. लोकांना जे बोलायचं होतं, ते सव्वीस वर्षांपूर्वीच बोलून झालंय.